बिली बॉस्टनला वेल्सने का विचारलं नाही?

जून २०२५ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात बिली बॉस्टन यांना 'सर' हा किताब देण्यात आला. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते, स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन बराच काळ लोटला होता आणि प्रकृतीमुळे त्यांच्यासाठी वेगळा समारंभ ठेवावा लागला. रग्बी लीग हा खेळ १८९५ मध्ये जन्मला. पुढच्या १३० वर्षांत हा मान मिळालेले ते पहिले खेळाडू. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या जन्मगावी, वेल्सची राजधानी कार्डिफमधल्या कार्डिफ बे भागात, त्यांचा पुतळा उभा राहिला होता. उत्तर इंग्लंडमधल्या विगन गावाने तर त्यांना आयुष्यभर डोक्यावर घेतलं. एवढं सगळं झाल्यावर तक्रारीला जागा उरते का?

माझ्या मते उरते. सन्मान उशिरा आला ही माझी मुख्य तक्रार नाही. तक्रार अशी की, वेल्सच्या लाल जर्सीसाठी खेळाडू निवडणाऱ्यांना कार्डिफच्या गोदीलगतच्या वस्तीतला एकही काळा मुलगा कित्येक दशकं दिसला नाही. तो का दिसला नाही, हा प्रश्न आजही फारसा कोणी विचारत नाही. पुतळ्याला हार घालणं सोपं आहे. त्या निवडीच्या खोलीचं दार उघडणं अवघड आहे, आणि तेच व्हायला हवं.

आपल्याकडे रग्बी फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. रग्बीचे दोन प्रकार आहेत, युनियन आणि लीग. नियमांतले फरक पुष्कळ आहेत, पण दोघांची फारकत झाली ती पैशावरून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यॉर्कशर-लँकेशरच्या गिरण्यांत आणि खाणींत काम करणारे मजूर हा खेळ खेळू लागले. शनिवारी सामन्याला जायचं तर कामावर खाडा पडे आणि रोज बुडे. तो खाडा क्लबांनी भरून द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. इंग्लंडच्या रग्बी युनियनने १८९३ मध्ये ती मतदानाने फेटाळली. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे वीसेक क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यातूनच पुढे रग्बी लीग उभी राहिली. युनियनने मग हौशीपणाची अशी तटबंदी केली की लीगच्या क्लबशी करार केलेल्या खेळाडूला युनियनचं मैदान जन्मभर बंद. नुसता चाचणीचा सामना खेळला तरी शिक्षा होई, म्हणून चाचणीला येणारी मुलं खोट्या नावाने खेळत.

ज्याच्या घरी पैसा आहे त्याला हौस परवडते. खाण कामगाराच्या पोराला ती परवडत नाही. त्यामुळे 'खेळाची शुद्धता' हे तत्त्व जन्मापासूनच एका वर्गाच्या सोयीचं होतं. वेल्सची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. तिथे युनियन हा खाणींतल्या आणि पोलाद कारखान्यांतल्या माणसांचाच खेळ होता. वेल्सच्या रग्बी संघटनेला हौशीपणाचं तत्त्व किती पवित्र वाटत होतं, हे १८९७ मध्येच दिसलं. वेल्सचा लाडका कर्णधार आर्थर गुल्ड याच्यासाठी लोकवर्गणी निघाली आणि त्या पैशातून त्याला न्यूपोर्टमध्ये घर भेट देण्यात आलं. हे हौशीपणात बसत नाही असं इतर देशांनी म्हटल्यावर वेल्सची संघटना आंतरराष्ट्रीय मंडळातून बाहेर पडली. त्या वर्षी आयर्लंड आणि स्कॉटलंडशी सामनेही झाले नाहीत. पुढे तडजोड झाली आणि गुल्डचं घर गुल्डकडेच राहिलं. मला यात गुल्डचा दोष दिसत नाही. माणूस त्या घराला लायक होता. पण आपल्या माणसासाठी नियम वाकवता येतो, हे वेल्सच्या रग्बीला पहिल्यापासून ठाऊक होतं, एवढं यातून सिद्ध होतं. नंतरच्या काळात सामन्यानंतर बुटात सापडणाऱ्या नोटांबद्दल तर सगळेच जाणून होते. म्हणजे नियम होता. तो कोणासाठी वाकतो आणि कोणासाठी नाही, हा खरा प्रश्न आहे.

आता टायगर बेकडे येऊ. कार्डिफ हे एकेकाळी कोळसा निर्यात करणारं जगातलं एक मोठं बंदर होतं. गोदीला लागून ब्यूटटाउन, म्हणजेच टायगर बे. सोमालिया, येमेन, केप व्हर्दी, पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन, हिंदुस्थान अशा सगळ्या दिशांचे खलाशी तिथे उतरत. काही राहत, स्थानिक मुलींशी लग्नं करत. ही वस्ती शहरात होती, पण शहराने तिला कधी आपलं मानलं नाही. जून १९१९ मध्ये कार्डिफमध्ये काळ्या आणि अरब खलाशांवर हल्ले झाले, त्या दंगलीत तिघे मेले. १९२५ मध्ये सरकारने असा हुकूम काढला की ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद जवळ नसेल, तर गोऱ्या नसलेल्या खलाशाने परकीय म्हणून पोलिसांत नोंद करावी. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कोकणातल्या गावागावांतले लोक असत. तेही साम्राज्याचेच प्रजाजन, पण कागद नसेल तर असल्या बंदरात त्यांनाही हाच न्याय.

अशा वस्तीत १९३४ मध्ये बिलीचा जन्म झाला. वडील सिएरा लिओनचे, बोटीवर काम करणारे. आई कार्डिफची, आयरिश वंशाची. अकरा भावंडं. मुलगा शाळेपासूनच रग्बीत चमकला. शालेय संघाचं कर्णधारपद, वेल्सच्या बॉइज क्लबचा संघ, वस्तीतल्याच कार्डिफ इंटरनॅशनल अ‍ॅथलेटिक क्लबकडून सामने. त्याचं स्वप्न अगदी साधं होतं: कार्डिफकडून खेळायचं आणि मग वेल्सकडून. कार्डिफचं आर्म्स पार्क मैदान त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण कार्डिफकडून बोलावणं आलं नाही. काही सामने तो नीथकडून खेळला. सक्तीच्या लष्करी सेवेत रॉयल सिग्नल्सकडून खेळताना १९५३ च्या आर्मी कपच्या अंतिम सामन्यात त्याने सहा ट्राय केले (ट्राय म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं). लीगचे क्लब त्याच्या मागे लागले होतेच. विगनची माणसं घरी आली, तेव्हा त्यांना परतवून लावायचं म्हणून आईने तीन हजार पौंडांचा आकडा टाकला आणि ते लगेच हो म्हणाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. वयाच्या अठराव्या वर्षी बिलीने सही केली आणि वेल्सच्या जर्सीचं दार त्याच्यासाठी कायमचं बंद झालं.

पुढे जे घडलं ते लीगच्या इतिहासात कोरलेलं आहे. विगनच्या दुय्यम संघाकडून त्याचा पहिला सामना पाहायला हजारो लोक लोटले. मुख्य संघाकडून जेमतेम सहा सामने खेळल्यावर १९५४ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी त्याची निवड झाली. त्या दौऱ्यात जाणारा तो पहिला काळा खेळाडू, आणि दौऱ्यात त्याने ३६ ट्राय केले. विगनकडून १९६८ पर्यंत ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय. सामन्यामागे जवळजवळ एक ट्राय, आणि हे सलग पंधरा वर्षं. एकूण कारकिर्दीत ५७१. लीगच्या इतिहासात त्यांच्यापुढे फक्त ब्रायन बेवन. वेगवान विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारे खेळाडू, बहुतेक सडपातळ असतात. बॉस्टन यांच्याकडे वेगाबरोबर धिप्पाड शरीरही होतं. समोरच्याला चकवायचं की अंगावर घ्यायचं, हे तेच ठरवत.

अशा खेळाडूला वेल्सने नाकारलं, असं एखादा कागद दाखवून सिद्ध करता येणार नाही. कार्डिफच्या किंवा वेल्सच्या निवडकर्त्यांनी 'काळा नको' असं कुठे लिहून ठेवलेलं मला माहीत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला राष्ट्रीय संघात घेतलं नाही यात वावगं काय, असंही कोणी विचारू शकेल. या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवं, कारण सगळा वाद इथेच येऊन थांबतो.

एकट्या बॉस्टन यांच्याकडे पाहिलं तर आक्षेप बिनतोड वाटतो. म्हणून रांगेकडे पाहा. ब्रिनमॉरचा रॉय फ्रान्सिस किशोरवयातच लीग खेळायला उत्तर इंग्लंडमध्ये गेला. पुढे ग्रेट ब्रिटनकडून खेळला आणि हल एफसीचा प्रशिक्षक म्हणून नावाजला. टायगर बेचा जॉनी फ्रीमन हॅलिफॅक्सला गेला. कॉलिन डिक्सन हॅलिफॅक्सहून सॅलफर्डला गेला, तेव्हा त्याच्यासाठी विक्रमी रक्कम मोजली गेली. स्प्लॉट भागातला क्लाइव्ह सलिव्हन हलकडे गेला आणि १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनचा कर्णधार म्हणून लिऑनमध्ये विश्वचषक उंचावला. ब्रिटनच्या कुठल्याही मोठ्या खेळातल्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला काळा कर्णधार. ही सगळी वेल्सची मुलं, बहुतेक एकाच शहरातली, आणि सगळी आपल्या खेळात अव्वल ठरलेली. यांच्यातल्या एकालाही वेल्सच्या युनियन संघात जागा मिळाली नाही. त्या संघाकडून पहिला काळा खेळाडू खेळला तो १९८३ मध्ये, पाँटिपूलचा मार्क ब्राउन. म्हणजे सलिव्हनने विश्वचषक जिंकल्यानंतरही अकरा वर्षं गेली.

एक मुलगा सुटला तर त्याला योगायोग म्हणता येईल. रांगेतला प्रत्येक सुटत असेल, तर त्याला पद्धत म्हणावं लागतं. भेदभावाला दरवेळी लेखी नियम लागत नाही. आमंत्रण न पाठवणं पुरतं. चाचणीच्या यादीत नाव न येणं पुरतं. 'अजून एक वर्ष थांब' असं सांगणं पुरतं. ज्याच्या घरात अकरा मुलं आहेत, त्याला हे वर्ष परवडणार नाही हे सांगणाऱ्यालाही कळत असतं. मग तो मुलगा स्वतःच निघून जातो, आणि दप्तरात नोंद राहते की पैशासाठी गेला. वगळणारा नामानिराळा राहतो आणि ठपका वगळलेल्याच्या माथी येतो. वेल्सच्या रग्बीतल्या या गोष्टीने मला सर्वात अस्वस्थ केलं, ते याच उलटापालटीमुळे.

यावर हमखास येणारं उत्तर असं की, उत्तरेत गोरे खेळाडूही गेले आणि तेही पैशासाठीच. खरं आहे. पण ते कधी गेले आणि कसे गेले ते पाहा. लुईस जोन्स अठराव्या वर्षी वेल्सकडून खेळला, त्याच वर्षी ब्रिटिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक युनियन संघाबरोबर दौऱ्यावर गेला आणि १९५२ मध्ये लीड्सने त्याला सहा हजार पौंड दिले. डेव्हिड वॉटकिन्स १९६७ मध्ये सॅलफर्डला गेला तो वेल्सचं नेतृत्व करून झाल्यावर. जोनाथन डेव्हिस १९८९ मध्ये विडनेसला गेला, तेव्हा तोही वेल्सचा कर्णधार होता. यांनी आधी लाल जर्सी घातली, देशाचं प्रेम मिळवलं आणि मग ते नाव घेऊन बाजारात उतरले. राष्ट्रीय संघातल्या प्रत्येक सामन्याने त्यांचा भाव वाढत होता. बॉस्टन यांच्या हाती अशी जर्सी नव्हती. जोन्सनंतर जेमतेम काही महिन्यांनी त्यांनी करार केला, तो निम्म्या रकमेवर. दोघांच्या वयात आणि अनुभवात फरक होता हे मान्य, पण तो अनुभवच तर एकाला मिळाला आणि दुसऱ्याला मिळण्याची वाट दिसत नव्हती. तेव्हा जर्सी नाकारणं म्हणजे केवळ मान नाकारणं नव्हतं. त्यात घरात येणारा पैसाही होता. 'पैशासाठी गेला' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला नाही.

त्या काळचे लोक तसेच होते, आजच्या मोजपट्टीने त्यांना मापू नका, असंही म्हटलं जातं. या म्हणण्यात मला अजिबात तथ्य वाटत नाही. त्याच काळात काही तासांच्या अंतरावर, कोळशाच्याच धुरातलं विगन नावाचं गाव एका काळ्या मुलासाठी मैदानाबाहेर रांगा लावत होतं. ते लोकही त्याच काळातले होते. खुद्द वेल्सच्या रग्बीतही वेगळा विचार करणारे होते. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ स्वान्सीत खेळला, तेव्हा मैदानावर शेकडो निदर्शक उतरले आणि त्यांना बेदम मारहाण झाली. वेल्सचा फॉरवर्ड जॉन टेलर त्याआधी लायन्सबरोबर दक्षिण आफ्रिकेत जाऊन आला होता आणि तिथलं चित्र त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने त्या संघाविरुद्ध वेल्सकडून खेळायला नकार दिला. म्हणजे बरं-वाईट कळत नव्हतं असं नाही. कळणाऱ्यांच्या हाती निवड नव्हती, इतकंच. आणि ज्यांच्या हाती होती, ते १९६४ मध्ये वर्णद्वेषी राजवटीच्या पाहुणचाराला संघ घेऊन गेले होते.

अर्थात उत्तरेला स्वर्ग ठरवण्याचाही माझा हेतू नाही. १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून रॉय फ्रान्सिसला वगळलं गेलं. त्यामागे त्या देशाचं 'गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया' धोरण होतं असं इतिहासकार मानतात. १९५७ मध्ये विश्वचषक आटोपून ग्रेट ब्रिटनचा संघ परतीच्या वाटेवर दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनी सामने खेळायला थांबला, आणि बॉस्टन यांना संघाबरोबर तिथे जाता आलं नाही. संघाने एकजुटीने तो दौरा नाकारायला हवा होता. नाकारला नाही. एक विलक्षण खेळाडू एकटा घरी परतला आणि बाकीचे सामने खेळले. विगनने त्यांच्यावर केलेलं प्रेम खरं होतं, पण त्याच खेळाचे पदाधिकारी प्रसंग आला तेव्हा त्यांच्या मागे उभे राहिले नाहीत. हा डागही पुतळ्याखालच्या मजकुरात असायला हवा.

मग १९९५ आलं. ऑगस्ट महिन्यात आंतरराष्ट्रीय मंडळाने रग्बी युनियन पैशासाठी खुलं केलं. शंभर वर्षं ज्याला पाप म्हटलं, ते एका बैठकीत करार झालं. जोनाथन डेव्हिस त्याच वर्षी कार्डिफकडे परतला आणि पुन्हा वेल्सकडून खेळला. इतरही परतले, त्यांचं थाटात स्वागत झालं. व्हायलाच हवं होतं. पण ज्या नियमापायी पिढ्यान् पिढ्या माणसं गावातून तोडली गेली, तो नियम चुकीचा होता असं म्हणण्याची तो मोडीत काढताना फारशी कोणाला गरज वाटली नाही. बॉस्टन तेव्हा साठीत होते. खेळ सोडल्यावर ते विगनच्या मैदानाजवळ पब चालवत होते. सलिव्हनला तर हा दिवस पाहताच आला नाही. १९८५ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. हलच्या लोकांनी शहरात येणाऱ्या मुख्य रस्त्याला त्याचं नाव दिलं.

बॉस्टन यांच्या मनात कटुता नाही, मग आपण का उकरून काढावं, असा प्रेमळ आक्षेपही असतो. त्यांचा मोठेपणा त्यांचा आहे. त्यांनी माफ केलं असेल तर तो त्यांचा अधिकार. पण एका माणसाच्या उदार मनाचा दाखला देऊन संस्थेला स्वतःची सुटका करून घेता येत नाही. शिवाय हा प्रश्न त्यांच्यापुरता नाहीच. ज्यांच्यात बॉस्टनइतकी प्रतिभा नव्हती, जे नुसतेच चांगले खेळाडू होते, ज्यांना उत्तरेतून कोणी न्यायला आलं नाही आणि कार्डिफनेही विचारलं नाही, त्यांची तर नावंसुद्धा आपल्यापर्यंत आलेली नाहीत. भेदभावाचा खरा फटका अशांना बसतो. असामान्य माणूस कुठून तरी वाट काढतोच.

कार्डिफ बेमधल्या पुतळ्यामागची एक गोष्ट म्हणूनच मला मोलाची वाटते. तो पुतळा रग्बीच्या बड्या मंडळींच्या डोक्यातून निघाला नाही. ब्यूटटाउन आणि आसपासच्या वस्तीतल्या लोकांनी मागणी लावून धरली, त्यातून २०२० मध्ये मोहीम उभी राहिली, तेरा खेळाडूंच्या यादीवर लोकांनी मतं दिली आणि तिघांची निवड झाली: बॉस्टन, सलिव्हन आणि लॅटव्हियातून आलेल्या स्थलांतरितांचा मुलगा गस रिस्मन. लोकांनी आपली माणसं स्वतः ओळखली आणि स्वतः उभी केली. आता पुढचं काम वस्तीचं नाही, संघटनेचं आहे.

ते काम कसं दिसेल, याचा एक नमुना शेजारच्या फुटबॉलमध्ये आहे. प्लिमथ अर्गाइलचा जॅक लेस्ली १९२५ मध्ये इंग्लंडच्या संघात निवडला गेला आणि त्याचा रंग कळल्यावर त्याचं नाव गळालं. २०२३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याला मरणोत्तर मानद कॅप दिली, राष्ट्रीय संघातून खेळल्याबद्दल देतात ती. बॉस्टन यांना अशीच मानद कॅप द्यावी असं कोणी म्हणेल, पण मला तो मार्ग पटत नाही. लेस्लीची निवड खरोखर झाली होती, ती हिरावली गेली. बॉस्टन यांची निवडच होऊ दिली नाही; त्यांना आज कॅप देणं म्हणजे न घडलेली गोष्ट घडल्यासारखी दाखवणं. त्यापेक्षा वेल्सच्या रग्बी संघटनेने आणि कार्डिफसारख्या क्लबांनी त्या काळातली आपली दप्तरं इतिहासकारांपुढे ठेवावीत. निवड समित्यांची इतिवृत्तं, चाचण्यांच्या याद्या, क्लबांचे पत्रव्यवहार, जे काही शिल्लक असेल ते. टायगर बेमध्ये त्या काळी खेळलेली म्हातारी माणसं अजून हयात आहेत, त्यांच्या आठवणी नीट नोंदवून घ्याव्यात. आणि जे सापडेल ते कार्डिफच्या मुख्य मैदानावर, जिथे वेल्सचे नायक भिंतींवर झळकतात तिथेच, लोकांना वाचता येईल असं लावावं. यासाठी राजवाड्याची परवानगी लागत नाही, फार पैसाही लागत नाही. आणि ज्यांना आठवतं त्यांचं वय पाहता, हे काम पुढच्या समितीवर ढकलण्याइतका वेळ आता हातात नाही.